केंब्रिजच्या वेशीबाहेर घर घेताना

इंग्लंडमध्ये घराचा सौदा ठरतो, त्या दिवशी खरं तर काहीच ठरलेलं नसतं. आपण आकडा सांगतो, घरमालक हो म्हणतो, एजंट फोनवर अभिनंदन करतो, वेबसाइटवरच्या जाहिरातीवर ‘सोल्ड’ची पट्टी चढते. पण ना इसार, ना साठेखत, ना कुणाची कशावर सही. मधल्या तीन-चार महिन्यांत, कधी सहा, दोघांपैकी कुणीही कारण न सांगता पाय मागे घेऊ शकतो आणि कायदा त्याला जाब विचारत नाही. आमच्या वाईत इसार घेऊन शब्द फिरवला तर त्या माणसाचं नाव आळीत दोन पिढ्या निघतं. इथे घरमालकाने जास्त पैशांसाठी शब्द फिरवला तर त्या प्रकाराला गॅझम्पिंग म्हणतात आणि तो करणारी माणसं एरवी अगदी सभ्य, बसच्या रांगेत दुसऱ्याला पुढे जाऊ देणारी असतात.

आम्हाला त्याचा प्रसाद पहिल्याच घराला मिळाला. पण त्याआधी, आम्ही गावाकडे का वळलो ते.

मी केंब्रिजच्या उत्तर टोकाला सायन्स पार्कमध्ये नोकरी करतो, बायको दक्षिण टोकाला ॲडनब्रूक्स हॉस्पिटलात. राहायचो मधोमध, मिल रोडच्या एका गल्लीत, भाड्याने. तिथली घरं एकाला एक चिकटलेली. दार उघडलं की फुटपाथ, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण. दोन बेडरूमच्या अशा घराला जो आकडा सांगतात, त्यात वेशीबाहेर तीन बेडरूम, बाग आणि सायकलींना शेड मिळते. केंब्रिज तसं लहान शहर, २०२१च्या जनगणनेत साधारण १ लाख ४५ हजार वस्तीचं. पण १९७० मध्ये ट्रिनिटी कॉलेजने आपल्या जमिनीवर सायन्स पार्क काढलं, मग सॉफ्टवेअर आलं, औषध कंपन्या आल्या, हॉस्पिटलाभोवती संशोधन संस्थांचं जाळं उभं राहिलं. पगारदार वाढत गेले. घरांना मात्र जागा नाही, कारण शहराभोवती ग्रीन बेल्ट, म्हणजे बांधकामाला जवळजवळ मनाई असलेला हिरवा पट्टा. १९५५ साली सरकारने परिपत्रक काढून, शहरं अस्ताव्यस्त पसरू नयेत म्हणून असे पट्टे आखायला सांगितलं होतं. हेतू चांगलाच होता. पण माणसं यायची थांबली नाहीत. त्यांचा सगळा भार पट्ट्यातल्या आणि पट्ट्यापलीकडच्या गावांवर पडला.

उत्तरेला ए१४ हायवे ओलांडला की हिस्टन आणि इम्पिंग्टन ही जुळी गावं लागतात. कुठलं कुठे संपतं ते तिथल्यांनाही नीट सांगता येत नाही. चिव्हर्स कुटुंबाने १८७०च्या दशकात इथे रेल्वेलाइनीलगत जॅमचा कारखाना काढला आणि आसपासच्या फळबागांचा माल तिथे जायला लागला. त्या लाइनीवरची प्रवासी गाडी १९७० मध्ये बंद पडली. २०११ पासून त्याच मार्गावर काँक्रीटच्या पन्हळीतून चाकं अडकवून धावणारी गाइडेड बस आहे आणि आता गावातल्या घरांचे भाव तिच्या थांब्यापासून किती मिनिटं चालावं लागतं त्यावर ठरतात. एजंट अंतर मैलांत सांगतच नाही. त्याची ‘आठ मिनिटं’ आम्ही मुलीला घेऊन चालून पाहिली, चौदा भरली.

भाव चढवणारी दुसरी गोष्ट म्हणजे शाळा. इम्पिंग्टन व्हिलेज कॉलेजची इमारत वॉल्टर ग्रोपियस आणि मॅक्सवेल फ्राय यांनी आखली, उघडली १९३९ मध्ये. हाच फ्राय पुढे चंदीगड बांधायला भारतात गेला. केंब्रिजशायरचा शिक्षणाधिकारी हेन्री मॉरिस याची कल्पना अशी, की खेड्यातल्या मुलांना आणि मोठ्यांनाही शिकायला शहरात जावं लागू नये, एकाच छपराखाली शाळा, वाचनालय, संध्याकाळचे वर्ग सगळं असावं. खेड्यातली माणसं खेड्यात टिकावीत म्हणून बांधलेल्या त्या शाळेच्या हद्दीत घर घ्यायला आता शहरातून माणसं येतात, आणि गावातल्या शेतमजुराच्या नातवाला दूरच्या फेनमध्ये, म्हणजे दलदल आटवून काढलेल्या सखल मुलखात, जाऊन राहावं लागतं. आम्हीही त्या रांगेतलेच, त्यामुळे यावर जास्त बोलायचा मला अधिकार नाही.

नॉर्थस्टोही पाहिलं. ओकिंग्टनच्या जुन्या हवाईदलाच्या धावपट्टीवर नवं शहर वसतंय, दहा हजार घरांचं. घर चकचकीत, भिंती सरळ, उष्णता टिकवणाऱ्या. पण रस्त्यांच्या आणि हिरवळीच्या देखभालीसाठी दरवर्षी वेगळी वर्गणी, आणि ती किती वाढेल याला धरबंध नाही. कौन्सिल टॅक्स भरायचा तो भरायचाच. पुण्यात सोसायटीचा मेंटेनन्स भरून आलेल्या माणसाला याचं नवल नाही, पण तिथे निदान वार्षिक सभेत उठून भांडता येतं.

घरं बघायची ती शनिवारी. एकेका कुटुंबाला पंधरा मिनिटं. आपण निघताना पुढचे लोक दारात बूट काढत असतात, नजरानजर होते आणि दोन्हीकडून कसनुसं हसू. बॉयलर किती वर्षांचा, नळाला जोर किती, पोटमाळ्यावर इन्सुलेशन आहे का, एवढं त्या पंधरा मिनिटांत उरकायचं. इंग्रज माणूस बाग दक्षिणेला असलेल्या घरासाठी जादा पैसे मोजतो, कारण जो काही सूर्य मिळतो तो तिकडूनच. बाग मागे दक्षिणेला म्हणजे पुढचं दार उत्तरेला. आईला फोनवर मी फक्त दाराची दिशा सांगितली, तिचं समाधान झालं.

तर पहिलं घर इम्पिंग्टनचं. आमची ऑफर मान्य झाली, सर्व्हेचे, म्हणजे घराच्या तपासणीचे, पैसे भरले, वकिलाने फाइल उघडली, आणि पाचव्या आठवड्यात एजंटचा फोन. कुणीतरी बारा हजार पौंड जास्त देतंय, तुम्ही वाढवणार का? आम्ही नाही म्हटलं. सर्व्हेची आणि वकिलाची फी बुडाली. एजंटवर राग आला, पण त्याचं काम कायद्याने ठरलेलं आहे. तो विकणाऱ्याचा माणूस आणि करार होईपर्यंत आलेली प्रत्येक ऑफर त्याने मालकापुढे ठेवायची असते. मालकाने मनात आणलं असतं तर नको म्हणता आलं असतं. बायको म्हणाली, “बारा हजार कुणी टेबलावर ठेवले असते तर आपण तरी नको म्हटलं असतं का?” मी उत्तर दिलं नाही.

दुसरं घर मिळालं त्या गावाचं नाव लिहीत नाही. थोडं आणखी उत्तरेला, फेनच्या कडेला आहे एवढं पुरे. मालक निवृत्त शिक्षक, ते आणि त्यांच्या पत्नी चाळीसेक वर्षं तिथे राहिलेले. किंमत मागितली होती ४ लाख ८० हजार पौंड, ठरली ४ लाख ७० हजार. मॉर्गेजबद्दल, म्हणजे गृहकर्जाबद्दल, फार लिहीत नाही. आम्हाला कायम वास्तव्याचा परवाना आधीच मिळाला होता, त्यामुळे ब्रोकरचं काम सोपं झालं. ज्यांचा व्हिसा अजून नोकरीला बांधलेला आहे त्यांना बँका निवडायला कमी मिळतात, एवढं ध्यानात ठेवा.

डोकं खाल्लं ते पैशाच्या उगमाने. इथल्या वकिलाला मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली प्रत्येक पौंड आला कुठून याचा माग काढावा लागतो. आमची बचत इथल्याच पगाराची, ती सरळ होती. पण आईने हट्टाने सहा लाख रुपये देऊ केले. पौंडात धरले तर साडेपाच हजारांच्या आसपास, म्हणजे या व्यवहारात चटणी-कोशिंबिरीएवढे, पण कागद तेवढेच लागले जेवढे साठ लाखांना लागले असते. पैसे तिच्या मुदतठेवीत, ठेव सहकारी बँकेत, तिथून परदेशी पैसे पाठवायची सोय नाही. म्हणून ठेव मोडून आधी राष्ट्रीयीकृत बँकेतल्या खात्यात, मग तिथून ए२ फॉर्म भरून इकडे. तेव्हा वर्षाला सात लाखांच्या वरच्या रकमेवर बँक वीस टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापून घेत होती, त्यामुळे सहाच पाठवले ते बरं झालं. मग वकिलाने विचारलं, ठेवीत पैसे आले कुठून? दादाने बँकेत जाऊन मॅनेजरकडून बाबांच्या निवृत्तीच्या पैशांपासूनचा उतारा काढला, पासबुकाच्या पानापानावर जांभळा गोल शिक्का मारून घेतला, मोबाइलवर फोटो काढून पाठवले. एका फोटोत त्याचा अंगठा शिल्लक रकमेवर. पुन्हा पाठवले. मग त्या सगळ्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर.

याच्याही वर एक गिफ्ट लेटर. हे पैसे कर्जाऊ नाहीत, परत मागणार नाही, घरात माझा कसलाही हक्क नाही, असं आईने लिहून द्यायचं. ते मी फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “अरे, मी काय परत मागणार आहे का? आणि मागितलेच उद्या, तर हा कागद नाचवणार आहेस माझ्यापुढे?” सही केली, पण पुढचे दोन रविवार फोनवर तिचा आवाज तुटकच होता.

आता स्टॅम्प ड्यूटी. भारतात थोडंफार घर-दार असलेल्या प्रत्येकाने हे नीट वाचावं, कारण इथले मराठी व्हॉट्सॲप ग्रुप यावर ठामपणे चुकीचं सांगतात. आम्ही इंग्लंडमध्ये पहिल्यांदा घर घेत होतो. पण पहिलं घर घेणाऱ्यांची सवलत मिळायची तर जगात कुठेही, कधीही, वारसाहक्कानेसुद्धा, घरात मालकी आलेली नसावी लागते. बाबा गेल्यावर वाईच्या घराच्या प्रॉपर्टी कार्डावर आई, दादा आणि मी अशी तीन नावं लागली होती. त्या एका ओळीने सवलत गेली. बायकोच्या नावावर कुठे काही नव्हतं, आणि एकट्या तिच्या नावाने घेतलं असतं तर सवलत मिळाली असती. पण एका पगारावर एवढं कर्ज मिळेना. दोघांनी घ्यायचं तर दोघेही कोरे हवेत.

याहून मोठा धोका दुसराच होता. ज्याच्याकडे आधीच एखादं घर आहे त्याला पूर्ण किमतीवर जादा दर लागतो. ३० ऑक्टोबर २०२४च्या बजेटमध्ये तो तीन टक्क्यांवरून पाच टक्के झाला, आणि अंमल दुसऱ्याच दिवसापासून. यातही घर जगात कुठेही असलं तरी धरतात, पण आपल्या हिश्श्याची किंमत ४० हजार पौंडांच्या आत असेल तर सोडून देतात. पाच टक्के म्हणजे आमच्या बाबतीत तेवीस हजारांहून जास्त. दादाने सरकारमान्य व्हॅल्युअर आणला. जुनं बांधकाम, अरुंद बोळ, तीन वाटेकरी, त्यामुळे माझा तिसरा हिस्सा पंचवीस लाखांच्या आसपास निघाला, म्हणजे मर्यादेच्या बराच खाली. आयुष्यात पहिल्यांदाच वडिलोपार्जित घराची किंमत कमी निघाली याचा आम्हाला आनंद झाला. पुण्यात वाकडला किंवा बाणेरला फ्लॅट घेऊन ठेवलेल्या मित्रांची सुटका एवढ्यावर होणार नाही.

शिवाय तारखेची टांगती तलवार. ३१ मार्च २०२५ पर्यंत पहिल्या अडीच लाखांवर ड्यूटी नव्हती, १ एप्रिलपासून ती मर्यादा सव्वा लाखावर येणार होती. आमच्यासाठी फरक २,५०० पौंडांचा. त्या मार्चसाठी अख्खं इंग्लंड धावत होतं, आणि वकील फोन उचलायचे बंद झाले होते.

सर्व्हेयर मात्र वेळेवर आला. घर १९००च्या सुमाराचं, पिवळट विटांचं. केंब्रिजच्या परिसरात गॉल्ट नावाची चिकणमाती आहे, तिची वीट भाजली की लाल न होता अशी फिकट होते. जुन्या गावांतल्या रांगाच्या रांगा याच रंगाच्या. चिकणमाती पाण्याने फुगते, कोरड्या उन्हाळ्यात आकसते आणि वरच्या भिंतीला तडे देते. २०२२च्या जुलैमध्ये या देशात पहिल्यांदा चाळिशी पार झाली, त्यानंतर अशा तक्रारींचा पूर आला होता. आमच्या मागच्या खिडकीच्या वर एक तिरकी भेग होती आणि शेजाऱ्याच्या बागेत जमिनीतलं पाणी ओढून घेणारं भलंमोठं विलोचं झाड. सर्व्हेयरने भेगेवर पारदर्शक मोजपट्टी धरली, मग खाली बसून जोत्याच्या विटा बोटांनी चाचपल्या. भेग जुनी आहे, तिच्यात बुजवलेला चुनाही जुना आहे, आता हालचाल नाही, असा निर्वाळा दिला. छपराचं मात्र लाल अक्षरांत लिहिलं. धुराड्याभोवतीचं शिसं फाटलंय, काही स्लेट निसटल्यात. त्यावर पाच हजार कमी झाले, किंमत ४ लाख ६५ हजारांवर आली. मालकांनी घासाघीस केली नाही. “ते गळतं ते आम्हाला ठाऊक आहे, आम्ही खाली बादली ठेवतो,” असं त्यांच्या पत्नी चहा ओतत म्हणाल्या.

त्याच दिवशी त्यांनी पत्र्याचा बिस्किटांचा डबा उघडून दाखवला. त्यात घराची कागदपत्रं. १ डिसेंबर १९९० पासून इंग्लंड-वेल्समध्ये सगळीकडे विक्रीच्या वेळी लँड रजिस्ट्रीत नोंद सक्तीची झाली. हे घर त्याआधीचं घेतलेलं, म्हणून त्याची नोंदच नव्हती. मालकीचा पुरावा म्हणजे तो डबा. जाड, पिवळा पडलेला, घडीवर तुटायला आलेला कागद, काळ्या शाईतलं वळणदार अक्षर, खाली लाखेचा तुकडा, आणि नकाशात आमची जागा गुलाबी रंगाने भरलेली. मागच्या पंपावरून पाणी आणायला शेजाऱ्यांना वाट द्यावी, असं त्यात लिहिलं होतं. पंप कधीच गेलाय. वाट अजून आहे का, या प्रश्नावर दोन्हीकडच्या वकिलांनी तीन आठवडे पत्रव्यवहार केला.

गावातलं घर म्हणून आणखी एक गोष्ट निघाली, जी शहरात सहसा निघत नाही. चॅन्सल, म्हणजे चर्चचा वेदीकडचा भाग. पूर्वी गावाचा दशांश कर ज्या धर्मगुरूकडे जायचा, त्याच्यावर त्या भागाच्या डागडुजीची जबाबदारी असायची. आठव्या हेन्रीने मठ मोडले, त्यांच्या जमिनी विकल्या गेल्या, आणि काही ठिकाणी जबाबदारीही जमिनीबरोबर नव्या मालकाकडे गेली. वॉरिकशायरमधल्या ॲस्टन कँटलो गावात जमीन असलेल्या एका जोडप्याला चर्चने असंच बिल पाठवलं. ते भांडत हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेले आणि २००३ मध्ये हरले. डागडुजीचेच पावणेदोन लाखांहून जास्त पौंड झाले, कोर्टाचा खर्च वेगळा. पुढे सरकारने १३ ऑक्टोबर २०१३ ही मुदत घातली, त्यानंतर नोंद नसलेली जबाबदारी नव्या खरेदीदाराच्या गळ्यात पडत नाही. पण आमचं घर तेव्हापासून विकलंच गेलं नव्हतं. वकील बाई शांतपणे म्हणाल्या, “विमा घेऊ या.” पंचवीस-तीस पौंडांत मध्ययुगातल्या कर्जाचा विमा निघाला. या देशाची अशा वेळी गंमत वाटते. प्रश्न सोडवायचा नाही, त्याचा विमा उतरवायचा.

मग टीए१० नावाचा फॉर्म. घर सोडताना मालक काय ठेवणार, काय नेणार, याची खोलीवार यादी. पडद्यांचे दांडे, संडासातला कागद अडकवायचा दांडा, बागेतलं पावसाचं पाणी साठवायचं पिंप, बल्ब. आमच्या मालकांनी प्रत्येक चौकटीत शिक्षकी अक्षरात टिपणं केली होती. रुबार्बच्या झाडापुढे लिहिलं होतं, “अर्धं नेऊ, अर्धं ठेवू.”

तोवर फेब्रुवारी सरत आला होता, आमच्या बाजूचं सगळं तयार होतं, आणि गाडी अडली ती चेनमध्ये, म्हणजे एकमेकांवर अवलंबून असलेल्या सौद्यांच्या साखळीत. आम्हाला काही विकायचं नव्हतं, म्हणून आम्ही तळाला. आमचे मालक नॉरफोकच्या किनाऱ्याजवळ बंगला घेणार. इथे बंगला म्हणजे जिना नसलेलं बैठं घर, म्हातारपणी हवंसं वाटणारं, म्हणून महाग. त्या बंगल्यातल्या बाई लीड्सला मुलीजवळ फ्लॅट घेणार. आणि त्या फ्लॅटची मालकीण वारलेली. तिच्या मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता, म्हणजे प्रोबेट, मिळाल्याशिवाय तो विकता येईना. तीन घरं, एकाच दिवशी हलायची, आणि सगळ्यांची किल्ली एका न पाहिलेल्या मृत बाईच्या कागदांत. तिच्या भाच्यांनी अर्ज उशिरा केला होता, असं कुठूनतरी कानावर आलं. खरंखोटं देव जाणे. चेनमध्ये बातमी वरून खाली येईपर्यंत चार वकील आणि तीन एजंटांच्या तोंडून येते.

घराची किंमत म्हणून जो आकडा जाहिरातीत असतो, त्यात हे काहीच नसतं. खरी किंमत ठरते ती कुणाच्या तरी म्हातारपणाने, कुणाच्या काडीमोडाने, कुणाच्या मरणाने, आणि तोवर तग धरायची तुमची किती ताकद आहे त्यावर. घरभाडं चालू, कर्जाच्या ऑफरची मुदत चालू, आणि एवढं करून कुणालाही उठून जायची मुभा. फेब्रुवारीत बँक ऑफ इंग्लंडने दर साडेचारवर आणला. ब्रोकरने आमचं कर्ज थोड्या कमी व्याजावर बदलून घेतलं, तेवढाच उशिराचा फायदा.

३१ मार्च आला आणि गेला. ब्रोकरने सुचवलं, आता २,५०० जास्त जाणार आहेत ते किमतीतून कापून मागा, सगळे मागतायत. शेवटच्या क्षणी असं दाबण्यालाही इथे गॅझंडरिंग म्हणतात. आम्ही मागितलं नाही. यात औदार्य फार नव्हतं. मालकांनाही बंगल्यावर तेवढेच जास्त पडणार होते, आणि चेनमधलं एक माणूस बिनसलं तर तिन्ही घरांचे सौदे कोसळतात.

प्रोबेट एप्रिलच्या शेवटी आलं. त्यानंतर एक्स्चेंज, म्हणजे कराराच्या प्रतींची अदलाबदल. कराराची एकेक प्रत दोन्हीकडे आधीच सह्या करून वकिलांकडे पडलेली असते आणि खरा करार होतो तो फोनवर. तळाचा वकील वरच्याला सांगतो, आज पाचपर्यंत तुम्हाला मोकळीक, त्याच्या आत वरचं जमवून मला कळवा. तो त्याच्या वरच्याला. पहिल्या दिवशी पाच वाजले, लीड्सचा वकील जाग्यावर नव्हता, सगळं विरलं. दुसऱ्या दिवशी पावणेचारला मेल आला. दहा टक्के रक्कम गुंतली. आता मागे फिरलो असतो तर ते पैसे गेले असते. कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी कुणाला बांधील झालं होतं. त्या क्षणापासून घराचा विमाही आमच्या नावाने सुरू करावा लागतो. घर जळालं तर नुकसान आमचं, किल्ली मात्र अजून त्यांच्याकडे. बायकोने मुलीला शाळेतून आणताना ही बातमी सांगितली तर तिने विचारलं, “म्हणजे परत एकदा घर बघायला जायचंय?”

ताबा मे अखेरीस मिळाला. सकाळी पैसे आमच्या वकिलाकडून निघाले आणि एकेक पायरी चढत लीड्सपर्यंत गेले. दुपारी एजंटच्या ऑफिसातून किल्ल्यांचा जुडगा घेतला. त्यात एक किल्ली कशाची आहे ते अजून सापडलेलं नाही. ओट्यावर चहाची पाकिटं, कचऱ्याची कोणती पेटी कुठल्या आठवड्यात बाहेर काढायची त्याचा तक्ता, आणि खिडक्यांच्या किल्ल्या लेबलं लावून ठेवलेल्या. लँड रजिस्ट्रीत पहिली नोंद व्हायला बरेच महिने लागतात. तो डबा आता वकिलाकडे आहे आणि नाव लागायचं बाकी आहे. दादा विचारतो, “नोंद झाली का रे?” मी म्हणतो, इथल्या सिटी सर्व्हेलाही वेळ लागतो.

राहायला आल्यावर थोड्याच दिवसांत शेजारच्या बाई दारात आल्या, हातात क्लिपबोर्ड. मागच्या शेतात नवी वसाहत होणार आहे, पॅरिश कौन्सिलची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, सभा आहे, हरकतीच्या अर्जावर सही हवी. कारणं सगळी खरी होती. रस्ता अरुंद, दवाखान्यात नंबर लागत नाही, शाळेत जागा नाही. मी म्हटलं, या घरासाठी आम्ही किती वणवण केली ते तुम्हाला माहीत नाही, नवी घरं झाली तर आमच्यासारख्यांची सोय होईल. बाई हसल्या आणि म्हणाल्या, “तुम्ही सहा महिन्यांनी बोला.” मी सही केली नाही. फेनकडे उतरणाऱ्या त्या शेतातलं पाणी नव्या वसाहतीनंतर कुठे जाणार, एवढा एक प्रश्न वेगळा लिहून कौन्सिलला पाठवला. बायकोने मात्र पेन मागून घेतलं आणि सही करून टाकली. तिची खिडकी त्या बाजूला आहे.